पडून राहायची नोकरी

४ जानेवारी

ताई,

पत्र तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. मालकीणबाई फोडून वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार. फोन करण्यात राम नाही. तू दुकानात असतेस तेव्हा तुझा फोन बाबांच्या उशाशी असतो आणि तू घरी असतेस तेव्हा बाबांचे कान तुझ्या फोनपाशी. ड्रायव्हरचा मुलगा असून स्टिअरिंगला हात न लावता पळालो, याला दोन वर्षं झाली. त्यांच्या लेखी मी अजून फाटकातच उभा आहे, पिशवी घेऊन.

आता बातमी. गोदामातली नोकरी सोडली. थांब, कपाळाला हात लावू नकोस, पुढचं वाच. हॉस्पिटलात लागलोय. बाबांनी विचारलंच (विचारणार नाहीत) तर सांग, असिस्टंट आहे. तुला खरं सांगतो. मी आजारी पडायचा पगार घेतो.

हॉस्पिटलला चिकटून कॉलेज आहे. तिथे चार जातीची पोरं शिकतात. डॉक्टर होणारी, नर्स होणारी, औषधं देणारी आणि व्यायाम करवून घेणारी. वर्ग वेगळे, कोट वेगळे, कॅन्टीनमधली टेबलंसुद्धा वेगळी. मग पास होऊन एकदम वॉर्डात भेटतात आणि सवतींसारखी नांदतात. म्हणून इथल्या मॅडमनी ठरवलं की शिकतानाच चौघांना एका पेशंटभोवती उभं करायचं. खरा पेशंट द्यायची कुणाची छाती होईना, म्हणून खोटा आणला. तो मी. एक छापील कागद देतात, तो पाठ करायचा आणि कॉटवर पडायचं. माझा आजार सध्या गुडघा. तीन आठवडे दुखतोय, जिना उतरताना जास्त. आठवीत दोनदा बसलेला माणूस पाठांतर करून पोट भरतोय, गुरुजी भेटले तर कळव.

खोलीत एक कॉट, एक पडदा आणि भिंतभर काच. काचेपलीकडे मॅडम बसतात. आपल्याला आरसा दिसतो, त्यांना आपण दिसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्या आरशात भांग पाडला, दात तपासले आणि अजून काय काय केलं ते बहिणीला लिहिण्यासारखं नाही. पलीकडे बारा जण बसले होते.

माझ्या वाट्याला आलेले चौघे असे. डॉक्टरीचा पोरगा, याला मी स्टेथो म्हणतो, नळी गळ्यात घालून झोपत असावा. नर्सिंगची मुलगी, घड्याळ, सारखी मनगटाकडे बघते. औषधांचा मुलगा, चष्मा. आणि व्यायामाची पोरगी, शिट्टी, कारण ती शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखी उभी राहते.

स्टेथोनं विचारलं, "कधीपासून दुखतंय?" सांगितलं, तीन आठवडे. घड्याळानं विचारलं, "कधीपासून दुखतंय?" सांगितलं, तीन आठवडे. मग चष्मा. मला कंटाळा आला, म्हटलं पाच दिवस. शेवटी शिट्टी. म्हटलं, जन्मापासून. चौघांनी आपापल्या वहीत मान खाली घालून लिहून घेतलं! चौघं एकाच कॉटला टेकून उभी, आणि एकानंही दुसऱ्याला दिलेलं उत्तर ऐकलं नाही.

मॅडमनी नंतर चौघांना वह्या मोठ्यानं वाचायला लावल्या. स्टेथोचे कान लाल. मॅडम मला म्हणाल्या, "कागदाबाहेर बोलू नका." पण हसू दाबत होत्या.

ताई, ही नोकरी मी टिकवणार. पहिल्यांदाच असं वाटतंय. बाबा कसे आहेत?

तुझा,
पगारी पेशंट

१५ जानेवारी

पगारी पेशंटास,

मालकीणबाईंनी पत्र फोडलं नाही, पण मी हसत होते म्हणून सुई बोटात घुसली आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजला ठिपका पडला. त्याची भरपाई तुझ्याकडून.

बाबा ठीक आहेत. सध्या आराम करतात. पडून असतात म्हणजे. भिंतीकडे तोंड. उठायचं नाव नाही. जेवण कॉटवर, दाढी कॉटवर, तुला शिव्या कॉटवर. "पाय गेले" म्हणतात. माणसांची ये-जा मात्र एस्टी स्टँडसारखी. आपले डॉक्टर येतात, बीपीची गोळी लिहून देतात. मंगळवारी सिस्टर येतात, बीपी बघतात, "छान आहे" म्हणतात, जातात. मेडिकलवाला घरपोच गोळ्या देतो. लघवीच्या त्रासाच्या वेगळ्या, त्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या. आणि रोज सकाळी साडेआठला फिजिओची मुलगी. ती "उठा" म्हणते, डॉक्टर "झेपेल तेवढंच" म्हणतात, सिस्टर म्हणतात "मला कुणी काही सांगितलेलं नाही". ही चार माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. एकमेकांबद्दल जे बोलतात त्यावरून भेटू नयेत हेच बरं.

तू जेवतोस ना? स्वेटर घाल.

ताई

२६ जानेवारी

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि निदान झालं. फी लावत नाही. बाबा नाटक करतायत.

अगं, मी आता या धंद्यातला माणूस आहे. पडून राहायचं, भिंतीकडे तोंड करायचं, विचारलं की "पाय गेले" म्हणायचं. हे सगळं मी पगार घेऊन करतो, ते फुकट करतात एवढाच फरक. तीस वर्षं पन्नास माणसं मागे बसवून फिरवली. आता घरात फिरवायला तू एकटीच उरलीस. पाणी आण, उशी सरळ कर. सुटत असेल का ती सवय?

आमच्यातला एक जुना पेशंट आहे, अकरा वर्षं हार्टअटॅक करतोय. इतका छान करतो की एकदा खरी अँब्युलन्स आली. तो म्हणतो, सोंग ओळखायची एकच युक्ती. माणसाला जे हवं असतं ते हाताच्या थोडं पुढे ठेवायचं आणि आपण खोलीबाहेर जायचं. बाबांचा रेडिओ कपाटावर ठेव. सकाळच्या बातम्यांना हळूच दारातून बघ. नाही उठून उभे राहिले तर माझं नाव बदल.

इकडे चौघांची सुधारणा चालू आहे. आता पहिला जो विचारतो, तो बाकीच्यांना मोठ्यानं सांगतो. मात्र स्टेथो अजून सगळ्यांचं बोलणं तोडतो. काल शिट्टी काहीतरी सांगत होती, हा मध्येच बोलला. ती म्हणाली, "तुझं संपलं की सांग, तोवर मी याचा गुडघा धरून उभी आहे." माझा गुडघा, ताई. वीस मिनिटं हवेत.

पुढच्या महिन्यात त्यांची परीक्षा आहे, चौघांना मिळून एकच गुण. एक बुडाला की चौघं. पेशंट मीच.

तुझा
निदानतज्ज्ञ

६ फेब्रुवारी

रेडिओ कपाटावर ठेवला. बाबा उठले. तुझं नाव बदलायला नको.

दोन पावलं टाकली आणि लाकडासारखे आडवे झाले. कपाळ कपाटाच्या कडीवर. तीन टाके. मी दारातून बघत होते, तू सांगितलंस तशी.

आता सगळंच लिहिते. मी तुला खोटं लिहिलं होतं. बाबा आराम करत नाहीत, ते डिसेंबरात पडले होते. तेव्हाही सकाळच. कंबर आखडते म्हणून लावलेल्या फिजिओच्या मुलीनं धरून उभं केलं, म्हणाले "अंधार आला", आणि गेले खाली, तिला घेऊन. तेव्हापासून घाबरलेत. नाटक नाही रे, भीती. तीस वर्षं बस चालवलेला माणूस "मी घाबरलोय" कसं म्हणणार? म्हणून "पाय गेले" म्हणतात. आणि तुला का कळवलं नाही, तर तू तिकडे नोकरी सोडून धावत येशील आणि बाबा तुला दारातूनच हाकलतील, ते मला बघायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आता उठवूच नका." फिजिओची मुलगी म्हणाली, अजून महिनाभर असेच पडून राहिले तर पाय खरंच जातील, मग कुणाच्या बापाला उठवता यायचं नाही. दोघंही मला सांगून गेले. मी काय करू? मी शिंपीण आहे. बाही एकानं कापली, कॉलर दुसऱ्यानं, अंगाचं मापच कुणी घेतलं नाही, आणि आता सगळे तुकडे माझ्या मांडीवर टाकून म्हणतायत शिव.

संध्याकाळी मात्र कॉटवर ताठ बसतात. आवाज खणखणीत. काल म्हणाले, "तो असता तर धरलं तरी असतं." मग लगेच म्हणाले, "पाडलं असतं."

रागावलेय तुझ्यावर. माझ्यावर जास्त.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

हे जलद टपालानं पाठवतोय. शिव्या मागाहून दे, सगळ्या माझ्याच आहेत. आधी तळाचे तीन प्रश्न वाच. मग वर ये.

तुझं पत्र परीक्षेच्या दिवशी सकाळी मिळालं. तसाच जाऊन कॉटवर पडलो. आत चौघं आली, इस्त्रीचे कोट घालून. स्टेथोनं विचारलं, "काय त्रास होतोय?" मी तोंड उघडलं. गुडघा यायला हवा होता. बाहेर आलं, "उठलो की अंधार येतो. दोनदा पडलो. वय एकाहत्तर."

मी चोवीस वर्षांचा दिसतो, ताई. चौघं बघतच राहिली. पण परीक्षा म्हटल्यावर कोण विचारणार? त्यांना वाटलं, नवा कागद आला असेल.

मग मी सगळं सांगितलं. बीपीची गोळी, लघवीची गोळी, मंगळवारच्या सिस्टर, साडेआठची फिजिओ, संध्याकाळी ताठ बसणं. आणि एक चमत्कार झाला. यावेळी उत्तर कुणालाच पाठ नव्हतं. एरवी प्रत्येक जण कागदात लपवलेलं उत्तर शोधत असतो, आधी आपल्याला सापडावं म्हणून. आज लपवलेलं काही नव्हतंच, तर एकमेकांकडे बघण्यावाचून करतील काय?

शिट्टी म्हणाली, "संध्याकाळी ताठ बसतात, सकाळी पडतात. पाय सकाळचेच कसे जातील?" घड्याळ म्हणाली, "सिस्टर बीपी कसं घेतात, झोपवून की उभं करून?" मी म्हटलं, उभा राहत नाही हीच तर रड आहे. ती म्हणाली, "मग ते फक्त झोपलेल्या माणसाचं बीपी आहे. पडतो तो उभा माणूस." स्टेथो काहीतरी बोलायला गेला आणि, खोटं वाटेल, तोंड मिटून खाली बसला. मग चष्म्याकडे वळून म्हणाला, "या दोन गोळ्या एकत्र?" महिनाभर चष्म्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बिचारा दचकला. म्हणाला, "लघवीच्या काही गोळ्या बीपीपण उतरवतात. म्हणून त्या बहुधा झोपताना देतात. तुम्ही नेमक्या केव्हा घेता?"

मला माहीत नव्हतं. माझ्या बापाच्या गोळ्या, आणि मला माहीत नव्हतं. मी कॉटवर रडायला लागलो. चौघांना वाटलं, काय ॲक्टिंग आहे! घड्याळानं माझा हात धरला. स्टेथो म्हणाला, "तुम्ही घाबरलात का?" मी म्हटलं, मी नाही, माझे बाबा.

तेवढ्यात दार उघडून मॅडम आत. "हे कुठल्या पानावर आहे?"

पानावर नव्हतं. परीक्षा रद्द. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पेशंटवर परत द्यायची. मला यादीतून काढलं. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "खोटा पेशंट खोटाच राहायला हवा, म्हणजे मुलांना चुकायची सोय राहते." बरोबर आहे त्यांचं. चौघांच्या मेहनतीवर मी पाणी ओतलं.

बाहेर पायरीवर बसलो होतो. वाटलं, आता येऊन चोपतील. चौघं आली, माझ्या शेजारी बसली आणि हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर हे लिहून दिलं (झाकणच खाली चिकटवलंय). म्हणाली, आम्ही अजून शिकतोय, गोळ्या तुमच्या मनानं बदलू नका, बंद तर मुळीच करू नका, हे फक्त तिथल्यांना विचारा.

बाबा कुठली गोळी किती वाजता, कशाबरोबर घेतात?

झोपून आणि मग उभं करून, दोन्ही बीपी कुणी बघितलंय का?

हे तिथल्या चौघांना एकाच वेळी, एकाच खोलीत कोण सांगणार?

तिसरा प्रश्न स्टेथोच्या अक्षरात आहे.

धाकटा

५ मार्च

गाढवा,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सकाळी मी दुकानात जायच्या गडबडीत गोळ्या आणि पाणी ठेवून निघते. तुझं पत्र आल्यावर एक दिवस निघाले नाही, पडद्यामागे उभी राहिले. बाबांनी सगळी पाकिटं पुढ्यात घेतली, सकाळची, दुपारची, झोपतानाची, आणि एका तळहातावर सगळ्या गोळ्या ठेवून एका घोटात गिळल्या. साडेसात वाजता. उपाशीपोटी. मी बाहेर आले तर म्हणाले, "दिवसभर कोण लक्षात ठेवतंय? टाकी एकदाच फुल करायची."

म्हणजे साडेसातला टाकी फुल आणि साडेआठला ती मुलगी म्हणणार, उठा.

तिसरा प्रश्न अवघड होता. चौघांना एका वेळी बोलावलं असतं तर चौघांनाही वेळ नसता. म्हणून मी काय केलं? डॉक्टरांना कळवलं, "फिजिओ म्हणते तुमच्या औषधानं बाबा पडले." फिजिओला कळवलं, "डॉक्टर म्हणतात तू पाडलंस." सिस्टरना सांगितलं, "दोघं म्हणतात तुमचं मशीन बिघडलंय." आणि मेडिकलवाल्याला, "तिघं तुझ्या दुकानाबद्दल बोलायला येतायत." शनिवारी पाच वाजता. पाचला पाच कमी असताना चौघंही हजर! मेडिकलवाला तर दुकान बंद करून, रजिस्टर काखेत मारून.

पहिली दहा मिनिटं काय झालं ते लिहीत नाही. बाबा कॉटवरून बघत होते, डिसेंबरनंतर पहिल्यांदा भिंतीकडे पाठ करून. शेवटी त्यांनीच आवाज टाकला, "पुढे सरका! दारात गर्दी करू नका!" सगळे पुढे सरकले. मी तुझं ते खोक्याचं झाकण वाचलं.

गोळ्यांचं कळलं तेव्हा मेडिकलवाला म्हणाला, "झोपताना असं मी पाकिटावर लिहिलंय." डॉक्टर म्हणाले, "लघवीची गोळी चालू आहे हे मला कुणी सांगितलं?" सिस्टर म्हणाल्या, "मला कोण काय सांगतं इथे?" फिजिओची मुलगी मध्ये आली. तिनं सिस्टरना एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी साडेआठला याल? मी धरते, तुम्ही बघा."

सिस्टर रविवारी आल्या, सुट्टी असून. डॉक्टरही आले, बोलावलं नव्हतं तरी. झोपून बीपी, छान. मग तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. उभे केले. मशीनवरचा आकडा सिस्टरनी दोनदा बघितला आणि डॉक्टरांच्या पुढे धरला. इतका खाली. बाबांचा चेहरा पांढरा, लगेच बसवलं. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि लिहायच्या आधी (मी स्वतः ऐकलं) मेडिकलवाल्याला फोन लावून विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

लघवीच्या मोठ्या डॉक्टरांशी आपले डॉक्टर स्वतः बोलले. आता एक गोळी कमी झालीय, एक झोपताना, आणि व्यायाम दुपारी. सिस्टर उभ्याचं बीपी लिहून ठेवतात आणि फिजिओ ते वाचल्याशिवाय हात लावत नाही. चौघांसाठी एकच वही, बाबांच्या उशाशी. त्यात भांडणंही लिहितात.

बाबांना मी सगळं सांगितलं. रेडिओचंसुद्धा. वाटलं, पेटतील. माझ्याकडे तोंड केलं. मग विचारलं, "रडला म्हणजे, खरं रडला?"

तुझी नोकरी गेली त्याचं वाईट वाटतं.

ताई

२२ मार्च

चिरंजीवास,

तुझ्या बापाचं पत्र आहे. दचकू नकोस.

तुझी सगळी पत्रं वाचली. तुझ्या बहिणीच्या शिवणाच्या डब्यात होती. मी सोंग करतो असं लिहिलंस ते वाचलं. अक्षर सुधारलं नाही.

तब्येत सांगतो. आधी कॉटच्या कडेला पाच मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, मग निघायचं. गाडी गरम केल्याशिवाय काढायची नाही, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि मला शिकवायला ही एवढीशी फिजिओची मुलगी लागली. तिचं ऐकतो. सिस्टरशी पटत नाही, पण ती मशीन लावते तेव्हा मी श्वास रोखून धरतो हे तिनं पकडलं, म्हणजे बाई हुशार आहे. डॉक्टर आता येतात तेव्हा खाली बसतात. पूर्वी उभ्या उभ्या जायचे.

तुझ्या त्या मॅडमना माझा निरोप दे. त्यांची शिस्त मला मान्य आहे, ठरलेला रस्ता सोडून गाडी वळवणाऱ्याला मीही घरी बसवलं असतं. पण त्यांना सांग की त्या दिवशी पेशंट खोटा नव्हता. गैरहजर होता. त्या चार मुलांना पूर्ण गुण द्यावेत अशी पेशंटची विनंती आहे. खाली सही करतो, दाखव त्यांना. त्यावर तुला परत घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर दुसरं काहीतरी धर, पण धरून ठेव. आणि जमेल तेव्हा इकडे ये. फाटकात उभा राहू नकोस, सरळ आत ये.

मी पडलो तेव्हा घाबरलो होतो. हे तुझ्या बहिणीला माहीत आहे, आता तुला.

ती दुकानात गेली आहे. पत्र तिच्याकडे द्यायचं नाही असं ठरवलंय. टपालाची पेटी कोपऱ्यावर आहे, मध्ये एक उतार आणि एक रस्ता. काठी घेतली, बूट घातले, पाच मिनिटं बसलोय, त्या पाच मिनिटांतच हे लिहितोय. झाली आता.

पत्र मिळालं तर पोचलो असं समज. नाही मिळालं तर हे वाचणारच नाहीस, तेव्हा काळजीचं कारण नाही.

बाबा